जहाज लागलं की धबधबा गजबजतो

आज आम्ही तुम्हाला फार लांब नेणार आहोत, जमैका नावाच्या बेटावर. अमेरिकेच्या खाली कॅरिबियन समुद्र आहे, त्यात हे बेट. केवढं? आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडंसंच मोठं. घरातल्या क्रिकेटवेड्या पोरांना विचारा, कोर्टनी वॉल्श आणि ख्रिस गेल हे वेस्ट इंडीजचे खेळाडू तिथलेच. पण आज क्रिकेट नाही. आज एका धबधब्याची गोष्ट, आणि त्या धबधब्याच्या दारात माल मांडून बसणाऱ्या बायकांची.

जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर ओचो रिओस नावाचं गाव आहे. त्याच्या जवळच डन्स रिव्हरचा धबधबा. आपल्याकडचे धबधबे कड्यावरून खाली कोसळतात, आपण लांबून बघतो, फोटो काढतो आणि भिजून परत येतो. हा धबधबा तसा नाही. तो पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. उंची साधारण १८० फूट, पण लांबी ६०० फूट, आणि शेवटची पायरी उतरली की पाणी थेट समुद्राच्या वाळूत. म्हणून तो खालून वर चढता येतो.

सकाळी बंदराला मोठं जहाज लागतं. क्रूझ म्हणतात त्याला. तरंगतं हॉटेलच ते, एकेका जहाजात तीन-चार हजार माणसं. आठवडाभराची सहल, रोज किंवा एक दिवसाआड वेगळं बेट. उतरलेल्या लोकांना बसमध्ये भरून धबधब्यावर आणतात. पोहण्याचे कपडे, पायात रबरी तळाचे बूट, नसतील तर तिथे भाड्याने. खाली वाळूवर सगळ्यांना जमवतात, गाईड पुढे उभा राहतो आणि मग प्रत्येकाने पुढच्याचा आणि मागच्याचा हात धरायचा. वीस-तीस माणसांची साखळी होते. कमरेएवढ्या पाण्यातून, खडकाच्या बाकांवरून ती हळूहळू वर सरकते. गाईडच्या गळ्यात पाहुण्यांचे कॅमेरे लटकलेले, आणि तोंडाने तो सांगत असतो, इथे पाय ठेवा, तिथे शेवाळ आहे. मध्ये डोहासारख्या जागा आहेत, तिथे थोडा वेळ डुंबायचं, परत साखळी धरायची. तास-दीड तासात वर. वर गेलं की बाहेर पडायची वाट हस्तकलेच्या बाजारातून जाते. संध्याकाळच्या आत परत जहाजावर, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही.

एवढीच ती सहल. पण हे पाणी, हे बंदर आणि हा बाजार एकत्र कसे आले, याला पाचशे वर्षं लागली.

आधी पाण्याचं बघू. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी येतं त्यांना बंबाच्या आत साचणारा पांढरा थर माहीत आहे. तोच प्रकार. जमैकाचे डोंगर चुनखडीचे. झऱ्याचं पाणी डोंगरातून येताना चुना विरघळवून आणतं, आणि उघड्यावर उसळलं की तो चुना खडकावर, मुळांवर, पडलेल्या फांद्यांवर बसत जातो. थरावर थर चढून पायऱ्या होतात. म्हणजे हा धबधबा पाण्यानेच बांधलेला आहे, आणि अजून बांधणं चालू आहे. दुसरीकडे पाणी दगड झिजवतं, इथे रचतं.

तिथल्या जुन्या लोकांची समजूत आहे की नदीत एक बाई राहते, रिव्हर मम्मा तिचं नाव. नदीतले मासे ही तिची लेकरं. ती काठावर बसून सोन्याच्या कंगव्याने केस विंचरते, आणि तिला कुणी पकडलं तर नदी आटते. आपल्याकडे विहिरीवर, डोहावर साती आसरांना ओटी भरणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. पाण्यात बाईमाणूस आहे, तिला दुखवू नये, ही समजूत इतक्या लांबच्या दोन जागी निघाली, याचं आम्हाला फार नवल वाटलं.

बेटाचं मूळ नाव झायमाका. मूळ रहिवासी तायनो लोक, त्यांच्या भाषेतलं. अर्थ लाकडाचा आणि पाण्याचा देश. १४९४ साली कोलंबस याच उत्तर किनाऱ्यावर उतरला. त्यानंतर स्पॅनिश लोकांचं राज्य आलं, आणि पन्नासेक वर्षांत रोगराईने आणि वेठबिगारीने तायनो जवळजवळ संपले. स्पॅनिश लोक या जागेला चोरेरास म्हणत, म्हणजे पाण्याच्या धारा. पुढे इंग्रज आले, त्यांच्या कानाने त्याचं ओचो रिओस केलं. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ आठ नद्या. आठ नद्या तिथे नाहीतच! गावाचं नावच ऐकण्यातल्या चुकीवर उभं आहे.

इंग्रजांनी १६५५ मध्ये बेट घेतलं. १६५७ साली स्पॅनिश सैन्य क्युबातून परत आलं आणि या धबधब्याच्या जवळच लढाई झाली. स्पॅनिश हरले. आज लोक ज्या वाळूवर हात धरून उभे राहतात, त्याच भागातली ही गोष्ट.

मग ऊस आला. ऊस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारखाना, टोळी, कोयता. तिथे कोयता होता, पण उचल नव्हती आणि मजुरीही नव्हती. आफ्रिकेतून माणसं पकडून आणली, बायामाणसांसकट, आणि पिढ्यान्‌पिढ्या गुलाम म्हणून राबवली. सगळेच गप्प राबले असं नाही. काही जण डोंगरात पळून गेले, त्यांना मरून म्हणतात. त्यांच्यातली नॅनी नावाची बाई पूर्वेच्या डोंगरांत इंग्रजांशी वर्षानुवर्षं लढली, आणि १७४० च्या सुमारास इंग्रजांना तिच्या लोकांशी तह करून जमीन द्यावी लागली. जमैकाच्या राष्ट्रीय वीरांमध्ये ती एकटीच बाई. तिथल्या पाचशेच्या नोटेवर तिचं चित्र आहे.

जे मळ्यावरच राहिले, त्यांच्याबद्दल एक गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. मळेवाल्यांना गुलामांना खाऊ घालण्याचा खर्च नको होता. म्हणून त्यांनी डोंगरउताराची पडीक जमीन त्यांना दिली, की रविवारी तुमचं तुम्ही पिकवा आणि खा. लोकांनी त्यात रताळी, सुरणासारखे कंद, केळी लावली. खाऊन उरलेलं डोक्यावर घेऊन बायका रविवारच्या बाजाराला निघाल्या. बघता बघता बेटाचा भाजीपाला, कोंबड्या, अंडी यांचा व्यापार त्यांच्या हाती आला. एडवर्ड लाँग नावाच्या इंग्रज मळेवाल्याने १७७४ साली लिहून ठेवलंय की बेटावरच्या चलनातला सुमारे पाचवा हिस्सा गुलामांच्या हातात आहे. कायद्याने ज्यांचं स्वतःचं शरीरही त्यांच्या मालकीचं नव्हतं, त्यांच्या गाठीला पैसा होता! या बाजारवाल्या बायकांना तिथे हिगलर म्हणतात. शब्द आजही चालतो. धबधब्याच्या दारातल्या विक्रेत्या याच घराण्यातल्या, असं म्हणायला हरकत नाही.

१८३४ साली गुलामगिरी कायद्याने गेली, खरी सुटका १८३८ ला झाली. मळ्यांना मजूर हवे होते. मग आपल्या देशातून करारावर माणसं नेली. पहिलं जहाज ब्लंडेल, ते १० मे १८४५ ला ओल्ड हार्बर बेला लागलं. १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार लोक गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. मराठी माणसं त्यात फारशी नव्हती, म्हणून हा भाग इथेच सोडतो. एवढंच, की बोकडाच्या मटणाचा रस्सा तिथे आज सणासमारंभाला हवाच असतो, आणि त्यातला मसाला आपल्या लोकांच्या बरोबर गेला.

आता केळी. इथे जरा थांबू या, कारण परदेशी पाहुणे जहाजाने आले ते केळ्यांच्या पाठोपाठ.

१८७० साली लॉरेंझो डो बेकर नावाचा अमेरिकन कप्तान जमैकाहून केळी घेऊन निघाला. पिकून काळी पडायच्या आत ती अमेरिकेत विकली गेली, नफा चांगला झाला. पुढे त्याने भागीदारांबरोबर कंपनी काढली, आणि १८९९ मध्ये तिची युनायटेड फ्रूट ही अवाढव्य कंपनी झाली. डन्स रिव्हरपासून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर पोर्ट अँटोनियो आहे, ते केळ्यांचं मोठं बंदर बनलं. केळी नाशवंत, जहाज लागलं की भराभर भरायचं, मग रात्र असो की पाऊस. आणि भरायचं कुणी? बायकांनी. केळीचा अख्खा घड, वीस-पंचवीस किलोचा आणि त्याहून जडही, डोक्यावर घेऊन धक्क्यावर रांगेने चालायचं. डोक्यावर कापडाची किंवा पानांची चुंबळ. तिथे चुंबळीला कॉटा म्हणतात. वाटेत मोजणारा मुकादम उभा, तो घडाच्या फण्या मोजणार. नऊ फण्यांचा घड पूर्ण धरायचा, त्याहून कमी फण्या असल्या की हिशोबात तो अर्धा-पाऊण व्हायचा. वजन मात्र मानेवर पूर्णच. मजुरी पैशांत, म्हणजे अगदी चिल्लर. त्या काळातले फोटो आहेत. पाठ ताठ, मान सरळ, लांबच लांब रांग.

जहाजात केळी जायची ती अमेरिकेकडे. येताना जागा रिकामी. कंपनीला रिकामं जहाज परवडत नाही, म्हणून त्याच जहाजांत खोल्या करून थंडीला कंटाळलेल्या श्रीमंत अमेरिकनांना बेटावर आणायला सुरुवात झाली. बेकरने पोर्ट अँटोनियोला टिचफील्ड नावाचं हॉटेलही उभारलं. मैत्रिणींनो, ही चाल लक्षात घ्या. जहाज कंपनीचं, हॉटेल कंपनीचं, केळी कंपनीची. पाहुणा बेटावर आला तरी पैसा कंपनीच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात. मधल्या वाटेवर हिगलर बाई फळाची टोपली घेऊन उभी, तिला काय मिळेल ते मिळेल.

ओचो रिओस तेव्हा कोळ्यांचं लहान गाव होतं. ते बदललं लाल मातीमुळे. जमैकाच्या मातीत बॉक्साइट आहे, त्यातून ॲल्युमिनियम निघतं, आपल्या घरातले डबे-पातेली ज्याची असतात ते. १९५२ मध्ये रेनॉल्ड्स कंपनीने ओचो रिओसहून बॉक्साइट जहाजाने पाठवायला सुरुवात केली. त्यासाठी धक्का बांधला. १९६२ हे तर दुहेरी वर्ष. ऑगस्टमध्ये जमैका इंग्रजांपासून स्वतंत्र झाला, आणि ऑक्टोबरमध्ये जेम्स बाँडचा पहिला सिनेमा 'डॉक्टर नो' आला. त्याचं चित्रीकरण याच किनाऱ्यावर झालं होतं. स्वातंत्र्याची बातमी जगात किती जणांनी वाचली कोण जाणे, सिनेमातला समुद्रकिनारा मात्र करोडोंनी पाहिला.

त्याच सुमाराला मोठ्या जहाजांचे दिवस फिरले होते. १९५८ मध्ये जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि प्रवासी बोटीकडे पाठ फिरवू लागले. मग कंपन्यांनी डोकं लढवलं. कुठे पोहोचण्यासाठी नाही, तर नुसतं फिरण्यासाठी जहाज! १९६६ मध्ये मायामीहून सनवर्ड नावाचं जहाज अशा फेऱ्या करू लागलं, १९७० मध्ये साँग ऑफ नॉर्वे आलं, १९७२ मध्ये कार्निव्हल कंपनीचं मार्डी ग्रा. हे शेवटचं पहिल्याच फेरीला मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतून बसलं होतं. पण धंदा रुतला नाही. जमैकाच्या सरकारने १९६८ मध्ये नगरविकास महामंडळ काढलं, ओचो रिओसचा समुद्र उपसून, भराव घालून बंदर आणि चौपाटी केली, आणि १९७२ मध्ये धबधब्याची जागा सरकारने घेतली. तेव्हापासून धबधबा सरकारी मालकीचा आणि तिकिटाचा.

सरकारी झाला हे आम्हाला बरंच वाटतं. खाजगी मालकाकडे गेला असता तर बेटावरच्या माणसाला आत पाय टाकणं अवघड झालं असतं. तसं किनाऱ्यावर झालेलंच आहे. १९५६ साली, इंग्रजांच्याच काळात, जमैकात समुद्रकिनाऱ्यांचा एक कायदा झाला. त्याप्रमाणे किनारा सरकारच्या ताब्यात आणि परवाना देणं सरकारच्या हातात. सर्वसामान्य माणसाला समुद्रात उतरायचा जन्मसिद्ध हक्क त्यात नाही. पुढे हॉटेलांना परवाने मिळत गेले, भिंती आल्या, पहारेकरी आले. आता कोळी आणि गावकरी यासाठी भांडताहेत, काही प्रकरणं कोर्टात गेली आहेत. ज्यांच्या आजीने त्या पाण्यात कपडे धुतले त्यांनी पाण्यापर्यंतची वाट मागावी, हे ऐकायलाच विचित्र वाटतं.

आता तिकिटाच्या पैशाकडे येऊ. पाहुणा ही धबधब्याची सहल बऱ्याचदा जहाजावरच विकत घेतो. जहाजाची कंपनी त्यात स्वतःचा मोठा वाटा ठेवते, उरलेलं बेटावरच्या सहल कंपनीला, त्यातून बस, प्रवेशाचं तिकीट, गाईड. गाईडचं पोट बरंचसं वर मिळणाऱ्या बक्षिशीवर. जेवण जहाजावर फुकट, म्हणजे आधीच पैसे भरलेलं, त्यामुळे गावातल्या खाणावळीत कुणी बसत नाही. राहणं जहाजावर. मग गावाला काय? बंदराचा कर, तिकीट, आणि बाजारातली खरेदी.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरिबियन देशांनी एकत्र बसून ठरवू पाहिलं की दर प्रवाशामागे किमान दहा डॉलर कर सगळ्यांनी घ्यायचा. बेटं छोटी-छोटी, एकेकटी कंपनीपुढे दुबळी, एकत्र राहिली तर भाव करता येईल. जहाज कंपन्यांनी विरोध केला. जो देश कर वाढवेल तिथून जहाज दुसऱ्या बेटावर वळवणं त्यांना सोपं. मग कुणी कमी करावर राजी झालं, कुणी वेगळा करार केला, आणि ठरलेलं टिकलं नाही. बचत गटाने गोधडीचा एक भाव ठरवावा आणि दोघींनी मागच्या दाराने स्वस्त द्यावी, तसं.

धबधब्याच्या दारातल्या बाजारात लाकडाच्या कोरीव वस्तू, विणलेल्या टोपल्या, मण्यांच्या माळा, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगाच्या क्रोशाच्या टोप्या. आता त्यात बाहेरून आणलेला स्वस्त मालही मिसळलाय, हातचं आणि यंत्राचं पाहुण्याला ओळखता येत नाही. वेळ थोडा, गिऱ्हाईक घाईत, ओले कपडे, म्हणून विकणारे हाक मारतात, मागे लागतात. याला पर्यटनखात्याच्या भाषेत पाहुण्यांना त्रास देणं म्हणतात. परवाने दिले गेले, जागा आखून दिल्या गेल्या. हा शब्द आम्हाला पटत नाही. जहाजावर दिवसभर भोंग्यातून दागिने विका, दारू विका चालतं, त्याला कुणी त्रास म्हणत नाही. हिगलर बायकांना नावं देण्याची हौस तशी जुनीच. त्या परदेशात जाऊन कपडे-चपला आणून विकू लागल्या, तेव्हा १९८० च्या दशकात सरकारने त्यांना 'अनौपचारिक व्यापारी आयातदार' असं लांबलचक नाव देऊन नोंदणी करायला लावली. बाजारात सगळे हिगलरच म्हणत राहिले.

मार्च २०२० मध्ये कोरोना आला आणि जहाजं थांबली. तेव्हा आपली माणसंही त्यात अडकली. गोव्यातली, मुंबईतली, कोकणातली कितीतरी मुलं या जहाजांवर स्वयंपाकघरात, खोल्या आवरायला, वाढप्याचं काम करतात. सहा-आठ-दहा महिन्यांचा करार, घरी पैसे पाठवायचे. प्रवासी उतरले, पण कामगारांना उतरवून घ्यायला बंदरं तयार नव्हती. महिनोन्‌महिने ती मुलं समुद्रात, आणि इकडे आया फोनजवळ. तिकडे ओचो रिओसला बाजार बंद. पुढचं जहाज ऑगस्ट २०२१ मध्ये लागलं. म्हणजे जवळजवळ सतरा महिने धबधबा वाहत होता, पण साखळी धरायला जहाजाचं एकही माणूस नव्हतं. गाईडच्या हातात बक्षीस नाही, माळांचा गठ्ठा घरात. एका गिऱ्हाइकावर संसार टांगलेला असला की काय होतं, हे दूध एकाच डेअरीला घालणाऱ्या आपल्या बायकांना ठाऊक आहे.

आता जहाजं परत येतात. कोणत्या वारी कोणतं जहाज लागणार याचं वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी जाहीर होतं, आणि ओचो रिओसचे बाजारवार त्यावर ठरतात. एखाद्या दिवशी दोन जहाजं, एखाद्या दिवशी एकही नाही. ज्या दिवशी जहाज नसतं त्या दिवशी पाण्यात गर्दी विरळ असते. बेटावरची कुटुंबं, शाळेची पोरं येतात. त्यांचं तिकीट वेगळं, स्थानिक दराचं. पोरं हात धरायला तयार नसतात, एकेकटीच उड्या मारत वर जातात.